ईस्ट हॅरोत राहायला येणाऱ्यांसाठी

९ नोव्हेंबर

आज पहाटे बर्फावर वाळू टाकायचा ट्रक या मोसमात पहिल्यांदा बाहेर काढला. चढावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. उन्हं आल्यावर गेला.

दुपारी थेल्मा गिलफेदरनी कचेरीत बोलावलं. त्या आमच्या गावच्या कारकून. जन्म, मृत्यू, कुत्र्यांचे परवाने, सगळं एकतीस वर्षं त्यांच्याच हातचं. मी शाळेत होतो तेव्हापासून मला ओळखतात, त्यामुळे बस म्हणत नाहीत, थेट बोलायला लागतात.

"लाइल, नवीन येणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक काढायचंय. तू लिही."

"मी रस्तेवाला माणूस, थेल्मा."

"म्हणूनच. चिखलातून त्यांना ओढून काढतोस तूच. आपली माणसं कशी आहेत? विचारल्याशिवाय काही सांगायची नाहीत. आणि त्या बिचाऱ्यांना काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. मार्चमध्ये रुततात आणि मेमध्ये घर विकायला काढतात."

मग चष्मा काढून म्हणाल्या, "खरं सांगू? मला त्या नर्सबाईंची काळजी आहे. त्यांचा करार तीस एप्रिलला संपतो. चार वर्षांत पाच जणी आल्या, मार्च-एप्रिलचा चिखल ओलांडून एकही राहिली नाही. ही गेली तर दवाखान्याला कुलूप लागेल. मग कुणाला ताप आला तरी चाळीस मैल जा."

मार्चच्या गावसभेपर्यंत लिहून द्यायचं कबूल केलं.

नर्सबाई म्हणजे मार्गो केसलर. फिलाडेल्फियाहून आल्या. व्हीलॉकांचं जुनं घर त्यांनी भाड्यानं घेतलंय, माझ्या घराच्या वर दीड मैलावर. माझ्या तळहातात लोखंडाची किरच गेली होती, ती त्यांनीच काढली. काढताना माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून असेल, पण आईबद्दल विचारलं. ती कशी होती, काय स्वयंपाक करायची. आई जाऊन तीन वर्षं झाली. गावात कुणी असं विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. मी बराच वेळ बोललो असेन. किरच निघाल्याचं कळलंही नाही.

१८ नोव्हेंबर

घर थंडीसाठी बंद केलं. उत्तरेच्या खिडक्यांना आणि समोरच्या दाराला आतून प्लास्टिक ठोकलं, दाराच्या फटीत जुनी घोंगडी कोंबली. वडील असंच करायचे. ते दार तसंही कुणी वापरत नाही. शेवटचं उघडलं ते आईची शवपेटी बाहेर नेताना.

माहितीपत्रकाला सुरुवात केली.

"फोनमधल्या नकाशावर विसंबू नका. त्यात आमच्या गावातून गिरणीकडे जाणारा एक रस्ता दिसतो. तो रस्ता माझ्या आजोबांच्या वेळी होता. आता तिथे बीव्हरांनी बांध घालून केलेलं तळं आहे."

"समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचला. ओळख असो वा नसो. पूर्ण हात हलवू नका, लोकांना वाटतं अपघात झालाय."

वाचून पाहिलं. बरं वाटलं. मार्गो पूर्ण हात हलवतात. परवा दोन्ही हलवले.

२ डिसेंबर

रॉइस थिबोबरोबर व्हीलॉकांच्या घरी लाकडं टाकून आलो. रॉइस रस्त्याच्या कामावर माझा जोडीदार, अठरा वर्षं. मार्गो दवाखान्यात होत्या. त्यांनी विकत घेतलेली लाकडं ओली होती, धुराड्यातून नुसता पांढरा धूर यायचा. माझी दोन वर्षं वाळलेली मॅपलची लाकडं शेडमध्ये रचली आणि ओली मागे ठेवली.

"चिठ्ठी तरी ठेव," रॉइस म्हणाला.

"कशाला?"

"कोणी दिली ते कळायला नको?"

"कळून काय करायचंय?"

"बरोबर. त्यांना वाटू दे खारींनी आणून दिली."

माहितीपत्रकात लिहिलं: "शेडमध्ये लाकूड दिसलं किंवा दारातला बर्फ कुणी काढलेला दिसला, तर कुणी काढला हे विचारत फिरू नका. माणूस अवघडतो. पुढे कधीतरी केक करा आणि चर्चमध्ये सगळ्यांसाठी ठेवा. ज्याला पोचायचा त्याला पोचतो."

२० डिसेंबर

दिवसभर बर्फ काढण्यात गेला. घरी आलो तर समोरच्या ओट्यापर्यंत पावलं उमटलेली, तशीच मागे फिरलेली. लहान बूट. धर्माची पुस्तकं वाटणारे असतील. समोरच्या दाराशी येणारे तेच, नाहीतर शिरगणतीवाले. बिचारे, एवढ्या थंडीत. घरी असतो तर कॉफी दिली असती.

रात्रीपर्यंत छपरावरचा बर्फ घसरून ओटा पुरता बुजला. पावलंही गेली.

२५ डिसेंबर

सकाळी चर्चची शेगडी पेटवायला पाचला गेलो, म्हणजे आठच्या प्रार्थनेपर्यंत बाकं जरा तरी ऊबदार होतात. मार्गो आल्या होत्या. एकट्याच, मागच्या बाकावर. निघताना माझ्याकडे बघून हसल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं. मी टोपी काढली. तेवढ्यात थेल्मानी मला उरलेल्या मेणबत्त्यांचं काम सांगितलं.

दुपारी पुन्हा बर्फ. चारच्या सुमाराला वरच्या रस्त्यावर बर्फ सारायचा फाळ लावलेला ट्रक घेऊन गेलो. व्हीलॉकांच्या खिडकीत दिवा होता. टेबलावर पांढरं कापड, दोन ताटं, दोन खुर्च्या. फिलाडेल्फियाहून कुणी येणार असेल. पाहुण्याची गाडी अडकू नये म्हणून त्यांच्या दारापर्यंत आत गेलो आणि वळण दोनदा साफ केलं. मार्गो खिडकीशी आल्या. मी बोट उचललं आणि गाडी वळवली.

घरी आलो. जेवायला घेवडा, ब्राऊन ब्रेड. आईच्या खुर्चीवर मांजर बसलं होतं. देवाचे आभार मानले. मानायला पुष्कळ आहे. तरी संध्याकाळ लांबली.

पाहुणा पोचला असेल ना, एवढंच मनात येत होतं. पोचला असेल तर तो कोण असेल, हेही.

१७ जानेवारी

शून्याखाली बावीस. मार्गोंची गाडी गिरणीच्या वळणावर नाल्यात गेली. रेडिओवर कळलं तसा गेलो.

"लागलं का कुठे?"

"नाही. राग आलाय."

"कुणावर?"

"रस्त्यावर."

"रस्ता माझ्याकडे आहे."

"मग तुमच्यावर."

साखळी लावून गाडी वर काढली. इंजिन गरम होईपर्यंत त्यांना माझ्या ट्रकमध्ये बसवलं. थर्मासमधली कॉफी दिली. कप एकच होता. त्यांनी ती संपवली. मग म्हणाल्या, "एक विचारू? इथल्या पद्धतीचं आहे. समजा कुणी एखाद्याला काही विचारलं आणि त्यानं उत्तरच दिलं नाही. तर काय समजायचं?"

मी नीट विचार केला. लोकांना असे प्रश्न पडतात, यासाठीच तर ते माहितीपत्रक.

"कामात असेल."

"महिनाभर?"

"मग त्याला नको असेल. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. जिवावर येतं. गप्प राहिला तर ते उत्तरच धरायचं."

"आणि परत विचारलं तर?"

"त्याला आणखी अवघड होतं."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. कप पुसून माझ्या हातात दिला. आभार मानले, अगदी सभ्यपणे, दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसे.

नवीन माणसाला उपयोगी पडेल असं काहीतरी सांगता आलं याचं समाधान वाटलं. घरी येऊन तो मुद्दाही लिहून काढला.

११ फेब्रुवारी

मार्गो आता पूर्ण हात हलवत नाहीत. एक बोट उचलतात, आमच्यासारखंच. शिकल्या. मला आनंद व्हायला हवा.

मसुदा रॉइसला वाचायला दिला. त्यानं ट्रकमध्ये सँडविच खात मोठ्यानं वाचला.

"ऑगस्टमध्ये चर्चला जाताना गाडीला कुलूप लावा, नाहीतर परत येईपर्यंत मागच्या सीटवर कुणाच्या तरी बागेतल्या दहा झुकिनी असतील. हे झकास. लाकडं जूनमध्ये फोडून ठेवा. बरोबर. रिकामं भांडं परत करू नका. बरोबर." मग पान उलटलं. "हे काय? 'व्हीलॉकांच्या घराची मागची विहीर फेब्रुवारीत गोठते, नळ रात्रभर बारीक सोडून ठेवा.' 'एप्रिलमध्ये त्याच घराच्या कुंपणाशी पांढरी फुलं येतात, ती बघितल्याशिवाय जाऊ नका.' लाइल, हे गावासाठी आहे की एका घरासाठी?"

"नवीन आलेल्या कुणालाही लागू पडेल."

"त्या घरात कितीजण राहणार आहेत?"

मी ती दोन वाक्यं खोडली. विहिरीचं मात्र जाऊन सांगावं का, असं आठवडाभर चाललंय. विचारल्याशिवाय कसं सांगणार? शेवटी दवाखान्याच्या फळ्यावर एक कागद टाचला: "विहिरी असणाऱ्यांनी नळ सोडून ठेवावेत." सही केली नाही.

५ मार्च

गावसभा. सकाळी नऊ ते तीन. वाळू पसरायचं नवं यंत्र घ्यायचं की नाही यावर अडीच तास. जेवणात मका, हॅम, गोडाचे सात प्रकार.

मग थेल्मानी माहितीपत्रक वाचून दाखवलं. झुकिनीला हशा पिकला. मागून मर्ल कटिंग म्हणाला, "एक बोट उचलायचं हेही लिहून द्यायचं आता?" "हो, लिहूनच द्यायचं," थेल्मा म्हणाल्या, "बाहेरून आलेल्या तुझ्या बायकोला तीस वर्षांतही जमलं नाही." हात वर करून मंजूर झालं.

त्यानंतर मार्गो उभ्या राहिल्या. फार चांगलं लिहिलंय म्हणाल्या. कुणी लिहिलंय ते ओळखू येतं म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी करार वाढवत नाहीये, तीस एप्रिलला निघेन. सगळ्यांनी खूप सांभाळून घेतलं.

कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.

बाहेर रॉइस म्हणाला, "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं?"

"राहा म्हणायचं."

"मी कोण म्हणणारा?"

"रस्त्यांचा मुख्य. चर्चचा शेगडीवाला. मॅपलची लाकडं देणारी खार. आणखी किती कोण व्हायचंय तुला?"

वाळूचं यंत्र नामंजूर झालं.

३ एप्रिल

चिखल सुरू. जमीन वरून वितळते, खाली अजून गोठून दगड, पाणी जाईल कुठे? वरचा रस्ता जड गाड्यांना बंद केला. सात गाड्या ओढल्या.

प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत. दवाखाना चालू राहावा म्हणून मागतो. ते गावासाठी आहे, त्यात काही गैर नाही. पण मागताना मन दवाखान्यात नसतं. लाकडाच्या शेडमध्ये असतं, खिडकीशी असतं. असं अर्धवट मागणं देवानं ऐकावं तरी कसं?

२४ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज दुपारी प्लास्टिक उतरवलं. हवा यावी म्हणून समोरचं दारही उघडलं. बाहेरचं जाळीचं दार आणि आतलं दार यांच्यामधल्या जागेत बिस्किटांचा डबा होता. वर सुतळीनं बांधलेलं कार्ड. शाई जरा पसरली आहे, पण वाचता येतं.

"लाइल, तीनदा दार वाजवलं. लाकडं तुम्हीच दिलीत, मला माहीत आहे. नाताळच्या दिवशी चार वाजता माझ्याकडे जेवायला याल? मला इथे कुणी नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नाही. आला नाहीत तर समजून घेईन आणि तो विषय पुन्हा कधी काढणार नाही. मार्गो."

खाली २० डिसेंबर.

ओट्यावरच बसून राहिलो. डब्यात काकवीची बिस्किटं होती. एक खाल्लं. दगड झालं होतं, पण चव होती.

दोन ताटं. आणि मी दारापर्यंत जाऊन, वळण साफ करून, बोट उचलून परत आलो. १७ जानेवारीला त्यांना मी काय सांगितलं ते याच वहीत आहे. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही.

चार महिने मी नवीन माणसांना सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारानं या, समोरचं दार इथे कुणी उघडत नाही, एवढं सांगितलं नाही. हे सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही.

रस्ता बंद आहे म्हणून चालत गेलो. घोट्यापर्यंत चिखल. मार्गो खोक्यांमध्ये पुस्तकं भरत होत्या. मी कार्ड पुढे केलं.

"हे आज मिळालं."

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज?"

"समोरचं दार आमच्याकडे बंदच असतं. सगळ्यांचीच असतात."

"सगळ्यांची." त्या खोक्यावर बसल्या. "सात महिने राहिले इथे. कुणी घरी बोलावलं नाही, मग दारं कशी कळणार?" मग हसायला लागल्या, आणि हसताहसता डोळे पुसले. "मी तुम्हाला येताना पाहिलं हो. वाटलं, आले. मग तुम्ही वळण झाडलंत आणि गेलात. दोनदा झाडलंत!"

"तुमच्या पाहुण्यासाठी."

"पाहुणा फाळावर बसला होता." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कार्ड मिळालं असतं तर आला असतात?"

"हो."

"आता मी तिकडे सही करून बसलेय, लाइल. फिलाडेल्फियाच्या हॉस्पिटलात. सहा मेपासून."

मी मान हलवली. मला म्हणायचं होतं ते दुसरंच होतं. पण ज्या माणसानं शब्द दिलाय, सामान बांधलंय, त्याला अडवणं बरोबर का? माझ्या चुकीचं ओझं त्यांच्यावर का?

"रस्ता असा," त्यांनी विचारलं. "मी निघायचं कसं?"

हे मला येतं. म्हणून सांगितलं. "एकोणतीसच्या रात्री गोठणार आहे. तीसला पहाटे रस्ता फरशीसारखा होईल. सहाच्या आत निघा. आठनंतर ऊन लागलं की कुणीच जाऊ शकणार नाही. सहाच्या आत."

"एवढंच सांगायचंय तुम्हाला?"

"आणि खालच्या वळणावर डाव्या अंगानं चालवा. तिथे खाली दगड भरलाय."

त्या खोक्यावरून उठल्या. मग पुस्तकं भरायला लागल्या.

२९ एप्रिल

माती सपाट करायचा ग्रेडर घेऊन वरचा रस्ता शक्य तेवढा सारखा केला. रात्री गोठायच्या आत चाकोऱ्या बुजायला हव्यात, नाहीतर गाडीचं पोट घासतं. वीस वर्षांत एवढ्या मनापासून रस्ता केला नसेल, आणि तोही कशासाठी, तर त्या सुखरूप जाव्यात म्हणून.

वाटेत एकदा इंजिन बंद करून बसलो. मोह झाला. आज ढग येऊ दे, गोठू देऊ नकोस, असं मागावं. मागितलं नाही. त्या सुखरूप पोचाव्यात एवढंच मागितलं. आभाळ स्वच्छ होतं.

३० एप्रिल

पाचला उठून गेलो. रस्ता कडक, टाचेनं वाजत होता. खालच्या वळणाच्या पुढे ट्रक बाजूला लावून थांबलो. त्या जाताना दिसाव्यात एवढंच.

सहा वाजले. साडेसहा. वरून एकही गाडी नाही. सात. आजारी असतील का? सव्वासातला कुंपणाच्या तारेवरून थेंब पडायला लागले. पावणेआठला रस्त्याचा रंग बदलला. मला राग यायला लागला होता, स्वच्छ सांगितलं होतं म्हणून. मग कामाला निघून गेलो.

साडेनऊला रेडिओवर रॉइस. "लाइल, नर्सबाई खालच्या वळणावर रुतल्यात. अर्धी चाकं आत. उजव्या अंगाला."

"डावीकडून जा म्हणालो होतो!"

"ते तू येऊन त्यांनाच सांग. माझी साखळी नको म्हणतात."

गेलो. गाडी खोक्यांनी भरलेली, कडेला कललेली. मार्गो बॉनेटवर बसून सफरचंद खात होत्या. चिखलात घालायचे उंच बूट घातले होते. गाडीनं लांब जायला निघालेला माणूस ते बूट घालत नाही, पण ते मला आत्ता लिहिताना सुचतंय.

"सहाच्या आत म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"दोनदा."

"दोनदा. माहितीपत्रकात छापलंयतही. पान दोन."

"आता साडेनऊ वाजून गेले."

"मला घड्याळ कळतं, लाइल."

रॉइस खिशात हात घालून आभाळाकडे बघत होता. मी म्हणालो, "ग्रेडर घेऊन येतो. दहा मिनिटांत निघेल."

"ग्रेडर बिघडलाय," रॉइस म्हणाला.

"कधी?"

"आज."

"काल संध्याकाळी मी स्वतः चालवला."

"म्हणून तर बिघडला. लाइल, ऐक ना. बिघडलाय."

मार्गोंनी सफरचंदाचा गाभा कुंपणापलीकडे टाकला. मग विचारलं, रॉइसला नाही, मला. "दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

रस्ता खात्यात मी खोटं बोललेलो नाही. चर्चमध्ये नाही, घरी नाही. त्या उत्तराची वाट बघत होत्या. गप्प राहिलो तर त्याचा काय अर्थ धरायचा हे मीच त्यांना शिकवून ठेवलेलं.

"पार्ट मागवावा लागेल," मी म्हणालो. "वेळ लागेल." आणि मग, मागितलेलं नसताना, विचारलेलं नसताना म्हणालो, "राहा."

रॉइस ट्रकमध्ये जाऊन बसला आणि त्यानं रेडिओवर संगीत लावलं.

मार्गो बॉनेटवरून उतरल्या. "सहा दिवस आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यापुढचं मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

"मीही नाही. यापुढे."

मी एक बॅग घेतली, त्यांनी एक. त्यांच्या घरापर्यंत दीड मैल चढ चालत गेलो. मधे दोनदा त्यांचा बूट चिखलात राहिला. दुसऱ्या वेळी काढून दिला तेव्हा माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, आणि बूट घातल्यावरही जरा वेळ राहिला.

संध्याकाळी कचेरीतल्या रस्त्याच्या वहीत लिहिलं: "ग्रेडर नादुरुस्त. पार्ट मागवायचा आहे." माझ्या हातची पहिली खोटी नोंद. थेल्मानी वाचली आणि तारीख घातली.

झोपण्यापूर्वी देवाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. पश्चात्ताप व्हावा म्हणून गुडघ्यांवर बराच वेळ थांबलो. अजून झालेला नाही.